फियाट ११०० आणि पद्मिनीच्या इंजिनासाठी अस्सल सुटे भाग कसे शोधावेत

जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारा माणूस बहुधा पहिली चूक बाजारात जाऊनच करतो, कारण इंजिन उघडण्याआधी, मोजमाप घेण्याआधी आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे कागदावर उतरवण्याआधी तो ‘फियाटचा पिस्टन सेट आहे का’ असे विचारत दुकानांच्या पायऱ्या चढू लागतो. दुकानदार ‘आहे’ म्हणतो आणि तो खोटेही बोलत नसतो. मात्र त्याच्याकडे असलेला सेट आपल्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, बसेल की नाही, याचे उत्तर दुकानात नसून आपल्या इंजिनात असते. म्हणून या लेखात आधी इंजिनाची ओळख, मग मोजमाप आणि त्यानंतर बाजार असा क्रम ठेवला आहे, आणि प्रत्यक्ष शोधातही हाच क्रम पाळावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

इंजिन कोणते आहे, हे आधी निश्चित करावे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फियाट ११०० तयार होऊ लागली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावे घेत ती १९७० च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. बाह्यरूपात बदल होत गेले, तरी या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाचा गाभा १०८९ सीसीचाच राहिला: ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), बिडाचा ब्लॉक, त्यावर झाकण म्हणून ॲल्युमिनियमचे हेड, पुशरॉडने चालणारे व्हॉल्व्ह आणि तीन मेन बेअरिंगांचा क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा मुख्य दांडा). इतका दीर्घकाळ एकच रचना टिकल्यामुळे पद्मिनीचे पुष्कळ भाग डिलाइटला चालतात, आणि जुन्या फियाटच्या मालकाचे काम त्याच काळातल्या इतर परदेशी गाड्यांच्या मालकांपेक्षा सोपे होते, ते यामुळेच.

तरीही दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली इटलीच्या मालाबाबत. इटलीत १९६२ ते १९६६ या काळात विकल्या गेलेल्या ११०० डी या गाडीला १२२१ सीसीचे इंजिन होते, ज्याचा स्ट्रोक ७५ मिलिमीटरच असला तरी बोअर ७२ मिलिमीटरचा होता, तर आपल्याकडच्या ११०० डीला मात्र १०८९ सीसीचेच इंजिन बसवले जात असे. गाडीचे नाव तेच, चेहराही तोच, पण पिस्टन चार मिलिमीटरने मोठा, असा हा प्रकार आहे. त्यामुळे परदेशातील विक्रेत्याला केवळ ‘११०० डी’ असे सांगून पिस्टन, रिंगा किंवा हेड गॅस्केट मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. दुसरी गफलत घरचीच आहे. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीचे इंजिन निसानच्या रचनेचे आणि ११७१ सीसीचे होते. त्याच्या खोक्यावरही ‘प्रीमियर’ असेच छापलेले असल्यामुळे दुकानातला नवखा पोऱ्या ते निःशंकपणे पुढे करतो. पद्मिनीच्या डिझेल आवृत्तीचे इंजिनही वेगळेच, त्यामुळे तिचे भागही या शोधात बाजूलाच ठेवावेत.

ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर या गाडीत कधीतरी दुसऱ्या गाडीचे, बहुधा टॅक्सीचे, इंजिन बसवले गेले आहे असे समजावे आणि कोणतीही खरेदी करण्याआधी आरटीओतील नोंदीचा प्रश्न सोडवावा. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ मधील नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते व तिला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. मात्र त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९७० च्या आसपासच्या डिलाइट आता या वयाच्या झाल्या आहेत, त्यामुळे मूळ ब्लॉक शक्य तितका टिकवणे आणि भोवतीचे भाग बदलणे हे केवळ हौसेचे नव्हे, तर व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. ब्लॉकच बदलावा लागला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या वेळी जुन्या ब्लॉकच्या खरेदीची पावती व मूळ गाडीची कागदपत्रे हाताशी नसली तर हेलपाटे ठरलेलेच.

मोजल्याशिवाय खरेदी नाही, आणि भाग मिळाल्याशिवाय कापणी नाही

इंजिन पूर्ण सुटे करून धुतल्यानंतर ब्लॉक, क्रँक आणि हेड घेऊन लेथवाल्याकडे, म्हणजे जिथे बोअरिंगची (सिलिंडर कापून मोठे करण्याची) आणि क्रँक ग्राइंडिंगची यंत्रे आहेत अशा कारखान्यात जावे. तिथे प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली, तसेच एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी बोअर गेजने मोजून घ्यावा. क्रँकची प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने मोजावी. आणि हे सर्व आकडे वहीत लिहावेत. ‘वीसचा साईज आहे’ एवढ्या तोंडी माहितीवर समाधान मानू नये. बाजारात बेअरिंगा स्टँडर्डनंतर दहा, वीस, तीस, चाळीस अशा अंडरसाईजमध्ये, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापांत, मागितल्या जातात आणि हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे असतात, म्हणजे वीसचा साईज हा सुमारे ०.५१ मिलिमीटर असतो. पिस्टनच्या बाबतीत मात्र इंचाचे आणि मिलिमीटरचे असे दोन्ही ओव्हरसाईज, म्हणजे वाढवलेल्या बोअरची मापे, बाजारात भेटतात, म्हणून ‘चाळीस’ हा शब्द ऐकल्यावर तो इंचातला आहे की ०.४० मिलिमीटरचा, हे विचारूनच पुढे जावे. इंचाच्या हिशोबाने चाळीस म्हणजे १.०२ मिलिमीटर, या दोहोंतला फरक साठ शतांश मिलिमीटरहून अधिक आहे आणि त्यात ब्लॉक कायमचा वाया जाऊ शकतो.

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: पिस्टनचा सेट हातात येऊन मोजला गेल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला द्यायचा नाही, आणि बेअरिंगचा सेट हातात आल्याशिवाय क्रँक ग्राइंड करायचा नाही. चालू उत्पादनातल्या गाडीत हवा तो साईज मागवता येतो, त्यामुळे मिस्त्री आधी बोअरिंग करून मग पिस्टन मागवतो. त्याची ती सवय जुन्या गाडीत घातक ठरते. इथे जो साईज बाजारात शिल्लक आहे, तोच आपल्याला यंत्रकामाचा आकडा सांगतो. ब्लॉक वीसच्या साईजमध्ये साफ निघणार असेल आणि वीसचा अस्सल सेट कुठेच मिळत नसेल, पण चाळीसचा न वापरलेला कंपनीचा सेट समोर आला असेल, तर थेट चाळीसवर जाणे योग्य ठरू शकते. आणि ब्लॉक आधीच शेवटच्या साईजपलीकडे गेला असेल, तर नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) दाबून बोअर पुन्हा ६८ मिलिमीटरच्या स्टँडर्डवर आणता येतो. टॅक्सीतून आलेल्या ब्लॉकांना अशी स्लीव्ह अनेकदा आधीच बसवलेली असते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, फक्त ती सैल झालेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

हेडची तपासणीही याच टप्प्यावर उरकावी. ॲल्युमिनियमचे हेड पाण्याच्या वाटांभोवती खात जाते आणि इंजिन एकदा तापले की वाकते. सरळ पट्टी व फीलर गेज लावून वाक पाहावा आणि दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर भेग आहे का, ते डाय पेनिट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने, तपासून घ्यावे. पूर्वी किती वेळा फेसिंग, म्हणजे घासून सपाट करण्याचे काम, झाले आहे, हे हेडची जाडी सांगते. वारंवार घासून पातळ झालेले हेड कितीही अस्सल असले, तरी कॉम्प्रेशन वाढवून पुन्हा गॅस्केट उडवणारच, तेव्हा असे हेड बदलण्याच्या यादीत टाकावे.

अस्सल म्हणजे कोणाचा माल

या गाडीच्या बाबतीत अस्सल भागांचे तीन थर आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला थर इटलीच्या फियाटचा, जो सुरुवातीच्या गाड्यांत आला. दुसरा प्रीमियरच्या स्वतःच्या खोक्यात, स्वतःच्या भाग क्रमांकाने विकला गेलेला माल. तिसरा थर भारतीय सुट्या भागांच्या उत्पादकांचा: पिस्टनसाठी इंडिया पिस्टन्स, रिंगांसाठी गोएत्झे, बेअरिंगांसाठी बायमेटल, व्हॉल्व्हसाठी राणे, विजेच्या भागांसाठी लुकास-टीव्हीएस आणि प्लगसाठी मायको अशी नावे त्या पिढीच्या मिस्त्रींच्या तोंडी असत. या उत्पादकांच्या खोक्यातला माल प्रीमियरच्या खोक्यातल्या मालापेक्षा कमी दर्जाचा असतो, असे मानू नये. खोक्याच्या नावापोटी दुप्पट पैसे मोजणे मला तरी पटत नाही. याखेरीज चौथा प्रकार आहे तो नक्कल मालाचा, ज्याला बाजारात ‘लोकल’ किंवा ‘डुप्लिकेट’ म्हणतात. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी कित्येक दशके या इंजिनाच्या भागांना मागणी पुरवली, आणि जिथे इतकी मागणी असते तिथे स्वस्त नक्कलही फोफावते. आता चित्र बदलले आहे: शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांसाठी माल भरणाऱ्या दुकानांना आता तो पुन्हा भरण्याचे कारण उरलेले नाही. जे कपाटात आहे तेच शिल्लक आहे, म्हणून लागणाऱ्या भागांची जुळवाजुळव पुढे ढकलू नये.

खरा-खोटा ओळखताना खोक्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. बेअरिंगच्या पाठीवर उत्पादकाची खूण, भाग क्रमांक आणि साईज ठोकलेला असतो. तो स्पष्ट, समान खोलीचा आणि बेअरिंगच्या सर्व अर्ध्या कड्यांवर सारखा असावा. पिस्टनच्या डोक्यावर साईज आणि पुढची दिशा दाखवणारी खूण पाहावी, चारही पिस्टन सोनाराच्या नाही तरी किराण्याच्या बिनचूक डिजिटल काट्यावर तोलावेत आणि त्यांच्यात काही ग्रॅमपेक्षा जास्त फरक आढळला, तर तो एका सेटचा माल नाही असे समजावे. रिंगांची जाडी पिस्टनच्या खाचेत बसवूनच तपासावी. व्हॉल्व्हच्या दांड्याची जाडी आणि एकूण लांबी आपल्या जुन्या व्हॉल्व्हशी जुळवावी. त्यासाठी जुना भाग कितीही झिजलेला असला, तरी तो टाकून न देता पिशवीत घालून बरोबर न्यावा. दुकानदाराच्या आठवणीपेक्षा तो नमुना अधिक भरवशाचा असतो. कार्ब्युरेटरच्या अंगावर उत्पादकाचे नाव व नमुना असतो आणि प्रत्येक जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यावर, आकडा कोरलेला असतो. बाहेरून जुळणारे कार्ब्युरेटर दुसऱ्या गाडीचे जेट घेऊन आलेले असू शकते, म्हणून आकडे वहीतल्या नोंदींशी ताडावेत.

कुठे शोधावे

मुंबईत सुट्या भागांचा जुना व्यापार ऑपेरा हाऊस आणि ग्रँट रोडच्या परिसरात एकवटलेला आहे, तर वापरलेल्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध आहे. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, तिथेच तिचे अवयव सुटे होऊन विकले जातात, हा योगायोग मोठा विचित्र आहे. पुण्यात नाना पेठेतील दुकाने आणि मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार पाहावा. जुन्या बाजारात इंजिनाचे मोठे भाग क्वचितच सापडतात, पण डिस्ट्रिब्युटरची टोपी, पेट्रोल पंपाचे अंग, जुनी हत्यारे आणि नशीब असेल तर गाडीचे छापील पार्ट्स कॅटलॉग हाती लागते. कॅटलॉग मिळाले तर ते भागांपेक्षाही मौल्यवान समजावे, कारण त्यातल्या आकृत्यांवरून भाग क्रमांक सांगता आला की दुकानदाराचे बोलणे एकदम बदलते. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार ही अशीच ठिकाणे आहेत.

माझ्या मते मात्र सर्वांत चांगला माल मोठ्या शहरांच्या प्रसिद्ध बाजारांत नसून जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानांत सापडतो. मुंबईतला साठा टॅक्सींनी फस्त केला. जिथे या गाड्या डॉक्टर, वकील आणि साखर कारखान्यांच्या अधिकाऱ्यांपुरत्याच होत्या, तिथल्या फळ्यांवर जुना माल तसाच पडून राहिला. अशा दुकानात घाई करू नये. मालक वयस्कर असल्यास त्यांच्याशी बसून बोलावे, गाडीचा फोटो दाखवावा, वहीतली यादी पुढे ठेवावी आणि वरच्या फळीवरचा माल काढायला त्यांना सवड द्यावी. पहिल्याच भेटीत भावावरून घासाघीस करणाऱ्याला मागचे कपाट उघडून दाखवले जात नाही. जुन्या फियाट मिस्त्रींच्या गॅरेजमध्येही असेच असते, आणि कोणाकडे काय शिल्लक आहे हे त्यांना दुकानदारांपेक्षा नेमके ठाऊक असते. मुंबईतील व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या रॅलीत गाड्या पाहण्यापेक्षा त्यांच्या मालकांशी ओळख करून घेण्यात वेळ घालवावा, कारण ज्याने एका सेटऐवजी दोन सेट घेऊन ठेवले आहेत, तो माणूस तिथेच भेटतो.

वापरलेला भाग घेताना पावतीचा आग्रह धरावा, आणि क्रमांक असलेला ब्लॉक तर कागदपत्रांशिवाय कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर आपली अख्खी गाडी अडकू शकते. ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला दिसला, तर पुढे बोलणेच थांबवावे.

परदेशातून मागवायचे असल्यास शोधाचे क्षेत्र थोडे रुंदावावे. इटलीत या गाडीला ‘मिल्लेचेंतो’ म्हणतात आणि सुट्या भागांना ‘रिकांबी’. या दोन शब्दांनी शोधल्यास केवळ ‘फियाट ११००’ म्हणून शोधण्यापेक्षा अधिक विक्रेते सापडतात. जर्मनीत हीच गाडी एनएसयू-फियाटने हाइलब्रॉन येथे ‘नेकार’ या नावाने बांधली होती, त्यामुळे जर्मन विक्रेत्यांकडे भाग त्या नावाखाली असतात. पैसे पाठवण्यापूर्वी भागाला व्हर्निअर (माप घेण्याचे साधन) लावलेला फोटो मागवावा, बोअर ६८ मिलिमीटरचा असल्याची लेखी खात्री घ्यावी, आणि किमतीत टपालखर्चाबरोबर सीमाशुल्कही धरावे. जड भागांच्या बाबतीत हे दोन खर्च मिळून कधी कधी मूळ किमतीच्या पुढे जातात. माझा सल्ला असा की पिस्टन, रिंगा, बेअरिंगा आणि गॅस्केट सेट एवढेच परदेशातून मागवावेत आणि लोखंडाचे जड ओझे इथेच शोधावे.

जिथे जुना माल नकोच

न वापरलेला जुना साठा प्रत्येक भागासाठी चांगला, असा अनेक हौशी लोकांचा समज असतो आणि तो धोक्याचा आहे. धातूचा भाग तेलाच्या कागदात गुंडाळलेला राहिला असेल, तर चाळीस वर्षांनीही नवाच असतो. बेअरिंगच्या पृष्ठभागावर काळे डाग किंवा रिंगांवर गंजाचे खड्डे नसले म्हणजे झाले. रबराचे तसे नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, ऑइल सील, पाण्याचे पाइप आणि कॉर्कची गॅस्केटे कपाटात बसूनच मरतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुने रबर त्यात फुगते किंवा कडक होऊन तडकते, म्हणून हे सर्व भाग इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचेच घ्यावेत. जुन्या हेड गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती घासू किंवा फाडू नयेत आणि नव्या बनावटीचे गॅस्केट मिळत असेल तर तेच वापरावे. व्हॉल्व्ह सीटचाही विचार करावा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापासून बंद झाले आणि त्या शिशामुळे सीटला मिळणारे संरक्षणही संपले, त्यामुळे हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घेणे इष्ट. सीएनजीवर धावलेल्या टॅक्सीचे हेड घेतले असेल, तर त्याच्या एक्झॉस्ट सीट खोल गेलेल्या असण्याचा संभव असतो, म्हणून तिथे हे काम टाळूच नये.

शोधूनही काही भाग मिळत नाहीत, तेव्हा ते बनवून घ्यावे लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रकाम करणारे छोटे कारखाने ऑइल इंजिनांच्या काळापासून आहेत, आणि नमुना दिल्यास व्हॉल्व्ह गाईड, रॉकरचे बुश, वॉटर पंपाचा शाफ्ट किंवा थर्मोस्टॅटचे घर यांसारखे भाग असे कारखाने उत्तम करू शकतात. नमुन्याबरोबर मोजमापांचा हाताने काढलेला आराखडा आणि धातूचा प्रकारही लिहून द्यावा, कारण झिजलेल्या नमुन्यावरून बनवलेला भाग झिजलेल्याच मापाचा येतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, पिस्टन आणि टायमिंग चेन मात्र असे बनवून घेण्याच्या फंदात पडू नये. त्यांचा धातू व उष्णतेची प्रक्रिया चुकली, तर तुटलेला रॉड ब्लॉक फोडूनच बाहेर येतो. हे भाग कारखान्याच्या खोक्यातलेच मिळेपर्यंत थांबावे, आणि तोवर ब्लॉकच्या सिलिंडरांना व क्रँकच्या जर्नलांना दाट तेल चोळून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, जमिनीपासून उंच आणि ओलाव्यापासून दूर ठेवावे. कोकणपट्टीत तर पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी हे आवरण उघडून पाहावे आणि तेलाचा हात पुन्हा फिरवावा.